लोणखेड्याच्या वाटेवरची घंटी

दोन हजार एकवीस साल होतं. डिसेंबर नुकताच लागला होता.

हे मी रचून सांगत नाही. रचता आलं असतं, तर शेवट तरी धड केला असता.

ममता माझी सख्खी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. हे तिच्या बाबतीत घडलं. तिने मला ते सलग असं एकदाच सांगितलं. पुढे मी कधी विचारलं तर तुकड्यातुकड्यांनी सांगायची, पण कुठे एका शब्दाचा फरक पडला नाही. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शहाद्याजवळ, गोमाई नदीच्या अंगाला आहे, एवढं पुरे. ती माणसं आजही तिथे राहतात.

ते वर्ष तुम्हालाही आठवत असेल.

एप्रिलमध्ये ममताचा नवरा हेमकांत गेला. दवाखान्यातून परस्पर नेला. तिने शेवटचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. घरी आलेल्या बायका म्हणत होत्या, हिला कुणीतरी रडवा. ती रडली नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, तरी नाही.

मला म्हणाली, "मावशी, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो ना... तशी मी सगळीच झाली आहे."

पण पोट बधिर होत नाही. मुलगी चेतना शाळेत होती. मग ममताने लोणखेड्याला, मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये काम धरलं. सकाळचा चहा, पोहे, मग पोळ्या. मुली उठायच्या आत गॅस पेटलेला हवा.

गावातून अशा तिघी जायच्या.

रंजनाबाई सगळ्यात मोठी. तिला सगळं गाव जिजी म्हणायचं. जिभेने तिखट, मनाने मऊ. दुसरी तिची सून सुनिता. हसरी, अंगाने काडी, पण सायकल अशी पळवायची की पोरं मागे राहावीत. शाळेत असताना मुलींना सरकारकडून मिळायची, तीच सायकल अजून चालवत होती. तिचा नवरा भाग्येश सुरतेला कामाला. घरात अंगावर पिणारी पोर, तिला आजेसासूजवळ ठेवून सुनिता यायची आणि काम आटोपलं की तिच्यासाठी जीव टाकत परत पळायची.

तिसरी ममता. तिच्याकडे हेमकांतची सायकल.

एरवी एसटी होती. पण त्या हिवाळ्यात एसटीचा संप चालू होता, आणि इतक्या सकाळी रिक्षा कुठली? म्हणून सायकली.

आमच्या लहानपणी इकडचा हिवाळा कोरडा असायचा. पहाटे अंगणात तुरीच्या काड्या पेटवायच्या, हात शेकायचे, उरलेल्या निखाऱ्यात वांगी खुपसायची. डिसेंबरात आभाळ असं फाटलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात पाऊस, वारा आणि गारठा तिन्ही एकदम आले. पथारीवर वाळत घातलेली मिरची काळी पडली. गोठ्यातली वासरं थरथर कापत होती.

आणि त्यातच धुकं.

रस्ता उसातून जायचा. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. कारखान्याला ऊस नेणारे ट्रॅक्टर त्याच रस्त्याने जायचे, मागे ट्रॉलीला ट्रॉली जोडलेली, आणि मागच्या बाजूला लाल दिव्याचं नाव नाही. म्हणून तिघी एकीमागे एक, कडेकडेने जायच्या.

सगळ्यात पुढे जिजी. मध्ये ममता. सगळ्यात मागे सुनिता.

खरं तर सुनिता सगळ्यांत वेगाची. पण सासूच्या पुढे सून कशी जाईल? जिजीने तसं कधी म्हटलं नव्हतं. सुनिताने कधी विचारलं नव्हतं. ते तसंच ठरून गेलं होतं.

पावसासाठी तिघींच्या डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीचा घोंगता असायचा. गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की टोपरं तयार. ते डोक्यावरून पाठीवर सोडायचं आणि कमरेला सुतळीने बांधायचं. त्यात अंग कोरडं राहतं. पण मान वळवता येत नाही. वळवली की गळ्यातून गार पाणी थेट पाठीत.

म्हणून मागे वळून कुणी पाहायचंच नाही.

त्याऐवजी घंटी.

मागचीने एकदा वाजवायची. पुढच्या दोघींपैकी कुणीतरी एकीने दोनदा वाजवून उत्तर द्यायचं. म्हणजे मागची येते आहे, हे पुढच्यांना कळतं. पुढच्या किती लांब आहेत, ते मागचीला कळतं.

कुणीतरी एकीने...

हे तेवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशी निघताना जिजीच्या दारात नेहमीचंच चाललं होतं.

"सुनिता, तो स्वेटर घाल वं. अंधारामा तुन्हं रूप कोन देखी ऱ्हायनं?"

"तुम्हीन देखी ऱ्हायनात ना, आत्याबाई!"

"मी? मी ते आंधळी शे. म्हनीसन ते तुले पसंत करं."

सुनिता खुदकन हसली. ममतालाही हसू यायला हवं होतं. तोंड हललं, पण हसू आलं की नाही ते तिचं तिलाच कळलं नाही.

निघाल्या.

जिजीच्या एका हातात बॅटरी, दुसरा हँडलवर. बॅटरीचा उजेड धुक्यात घुसून तिथेच विझायचा. पाऊस बारीक होता, पण सुईसारखा. चेहऱ्याला आधी टोचलं. मग दुखलं. मग काहीच नाही.

ट्रिंग...

मागून सुनिता.

ममताने अंगठ्याने घंटीची पट्टी दाबली.

ट्रिंग-ट्रिंग.

"जागी शे का झोपी गयी वं?" पुढून जिजी ओरडली.

"जागी शे, आत्याबाई! तुम्हीन खड्डा देखा!"

सुनिताचा तो आवाज ममताने नीट ऐकला. हे ती आजही शपथेवर सांगते. तो आवाज मागून आला आणि तो सुनिताचाच होता.

मग फरशी पूल आला. ओढ्यावरचा ठेंगणा पूल, कठडेही गुडघ्याएवढेच. ओढा कधी नव्हे तो डिसेंबरात वाहत होता. तिघी पुलावर चढल्या.

पूल उतरल्यावर पुन्हा...

ट्रिंग.

ममता अंगठा हलवायला गेली. हलला नाही. बोटं हँडलला चिकटल्यासारखी झाली होती. तिने जोर लावला. अंगठा आपला आहे असंच वाटेना.

तेवढ्यात...

ट्रिंग-ट्रिंग.

उत्तर गेलंसुद्धा. ममताला बरं वाटलं. जिजीने दिलं असणार. चला, आपला हात वाचला.

पुढे उसाचा लांबच लांब पट्टा. वाऱ्याने पाती एकमेकांवर घासत होती.

ट्रिंग...

ट्रिंग-ट्रिंग.

ममताने प्रयत्नही केला नाही. पुढून उत्तर जात होतं ना?

थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा.

एक गोष्ट तिच्या मनात येऊन गेली. सुनिता काही बोलत नव्हती. एरवी वाटभर तिची बडबड असायची... पोर रात्री कशी रडली, भाग्येशने फोनवर काय सांगितलं, आज पोह्यांत दाणे किती घालायचे.

आज फक्त घंटी.

आणि घंटी कशी, तर चढावर तीच, उतारावर तीच. धाप नाही. घाई नाही. जवळ नाही, लांब नाही.

थंडीने गप्प झाली असेल, असं ममताने धरलं. अशा थंडीत मन फार लांबचा विचार करत नाही.

वसतिगृहाच्या फाटकातून दोघी आत गेल्या. पत्र्याच्या शेडखाली सायकली लावल्या. जिजीने घोंगता झटकला. बाहेर, फाटकापाशी, अगदी शेवटची...

ट्रिंग.

"उनी वं माय एकदाची," जिजी म्हणाली आणि गॅस पेटवायला आत गेली.

ममता शेडखाली उभी राहिली.

फाटकातून कुणीच आत आलं नाही.

ती बाहेर गेली. रस्ता मोकळा होता. धुकं, पाऊस आणि फाटकाचा हलणारा कडीकोयंडा.

"सुनिता...?"

काही नाही.

जिजी पातेल्यात पाणी ओतत होती. ममता दारात येऊन उभी राहिली.

"जिजी, सुनिता नही उनी."

"आत्ते ते वाजाडी तिनी. येई. तिनी चैन पडनी व्हई." जिजीने मान वर न करता विचारलं, "तूच उत्तर देई ऱ्हायंती ना तिले वाटवर?"



"मी? नही जिजी. मन्हा आंगठा हालत नव्हता. पूल नंतर मी एकदाबी नही वाजाडी. तुम्हीन देई ऱ्हायंतात ना?"

जिजीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मन्हा हातमा बॅटरी व्हती, पोरी. मी घंटीले हातच नही लाया."



मग उत्तर कोणी दिलं?

आणि मागून... वाजवत कोण होतं?

जिजीने गॅस बंद केला. एवढं मात्र ममताला पक्कं आठवतं, की घाईतसुद्धा तिने गॅस बंद केला.

सुनिता फोन घरीच ठेवायची, पावसात भिजतो म्हणून. त्यामुळे शोधायचं तर मागेच जायला हवं होतं. दोघी उलट्या निघाल्या. आता उजाडायला लागलं होतं. उजेड असा नव्हताच. काळ्याचं राखाडी झालं, इतकंच. जिजी वाटभर हाका मारत होती. सुनिता! ए सुनिता! आवाज फाटला तरी थांबेना.

एकही घंटी वाजली नाही.

फरशी पुलावर दोघी थांबल्या.

"ती घर गयी व्हई," जिजी म्हणाली. "पोरनी याद उनी व्हई. मी घर देखस. तू आठे देख." आणि उत्तराची वाट न पाहता ती गावाच्या दिशेने निघाली. पुढचं चाक डगमगत होतं. तिला चालवणं जमत नव्हतं, पण उतरायला ती तयार नव्हती.

ममता पुलावर एकटी.

आणि तिला कठड्यावर डबा दिसला. सुनिताचा स्टीलचा डबा. पडलेला नव्हता, नीट ठेवलेला होता. दोन्ही हात मोकळे करायला माणूस ठेवतो, तसा. शेजारी कठड्याला काळ्या वंगणाची बोटं पुसलेली.

चेन पडली होती. ती बसवायला सुनिता इथे थांबली होती. आणि या दोघी तिला मागे समजून निघून गेल्या होत्या.

ती घरी गेली नव्हती. घरी जाणारी बाई डबा असा ठेवून जात नाही.

ममताने ओढ्यात डोकावून पाहिलं. गढूळ पाणी, घोटाभर. त्यात कुणी नव्हतं.

"सुनिता..."

आणि मग...

ट्रिंग-ट्रिंग.

डावीकडून. उसातून.

ममताचा जीव भांड्यात पडला. आहे! इथेच आहे! पुलाच्या बाजूने उसात एक गाडवाट शिरत होती. तिने आपली सायकल कठड्याला टेकवली आणि वाटेने आत पळाली.

चिखल. पाय काढला की चप्पल आत राहत होती. तिने चपला सोडून दिल्या. चिखल इतका गार होता की पायांना चिखल लागतो आहे हेही थोड्या वेळाने कळेनासं झालं.

वळणावर सुनिताची सायकल होती. मागचं चाक चिखलात अर्धं रुतलेलं, चेन लोंबत होती.

सुनिता नव्हती.

ममताने त्या सायकलच्या घंटीवर तळहात मारला. अंगठा चालत नव्हता म्हणून तळहात. घंटी वाजली नाही. टोपीत चिखल भरला होता. नुसतं 'खट' झालं.

पुढे, उसाच्या आत...

ट्रिंग-ट्रिंग.

ही घंटी सुनिताची नाही, हे तिला त्या वेळी कळलं. तिथेच, उभ्या उभ्या.

मी तिला विचारलं होतं, "मग तू पळालीस का नाहीस?"

ती म्हणाली, "मावशी, घाबरायला अंगात ऊब लागते. ती नव्हती. एवढंच कळत होतं की सुनिता याच आवाजामागे गेली आहे. ती जिथे गेली तिथे जायचं, तर याच आवाजामागे जायला हवं."

आणि ती गेली.

आवाज थांबायचा. ती थांबायची. मग थोडा पुढे पुन्हा वाजायचा. जसं कुणी वाट दाखवावं. जसं सुनिताला वाटलं असेल की पुढच्या दोघी आपल्यासाठी थांबत थांबत चालल्या आहेत.

ऊस संपला. समोर मातीचा उंच बांध.

शेततळं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेतात मोठा चौकोनी खड्डा खणतात, बांध घालतात, आणि पाणी जिरू नये म्हणून आतून सगळीकडे काळं प्लास्टिक अंथरतात. उतार गुळगुळीत. त्यात घसरलेलं जनावरसुद्धा वर येत नाही. पाय टेकायला जागाच नसते. आमच्याकडे अशी किती गुरं आणि किती माणसं गेली आहेत.

बांधावर सुनिता बसली होती.

पाठमोरी. घोंगता डोक्यावर. दोन्ही पाय आतल्या बाजूला, प्लास्टिकवर सोडलेले. पाऊस प्लास्टिकवर टपटपत होता. ती हळूहळू, अगदी बोटबोटभर, पुढे सरकत होती. मांडवात पाहुण्यांना जागा करून देताना सरकतो, तशी.

"सुनिता," ममता म्हणाली. मोठ्याने नाही. दचकली तर गेली. "सुनिता, हालू नको. मी उनी."

सुनिताने मान वळवली नाही.

"शू... आत्याबाई खाले उभ्या शेतस," ती म्हणाली. आवाज झोपेतल्यासारखा. "माले बलाई ऱ्हायनात. ममताताई बी शे तठे. दोन्हीजनी उभ्या शेतस."

"सुनिता, मी आठे शे. तुन्हा मांगे. मी ममता शे."

सुनिता थांबली. जरा विचार केल्यासारखी.

"ममताताई ते खाले शे," ती म्हणाली. "माले दिखी ऱ्हायनी ना..."

आणि मग अगदी हळू,

"मंग मांगे कोन बोली ऱ्हायनं?"

 काय बोलणार? मीच खरी, असं? ते सिद्ध करायला तिच्याकडे काय होतं? हात बधिर. पाय बधिर. एप्रिलपासून आतलं सगळं बधिर. त्या घडीला तिलाही वाटून गेलं, की खाली कुणी उभं असेल, तर कदाचित तेच...

खालून, पाण्याच्या बाजूने...

ट्रिंग-ट्रिंग.

सुनिताने दोन्ही हात टेकवले आणि पुढे अंग लोटलं.

ममता पोटावर आडवी पडली आणि झेपावली. पकडायला बोटं मिटत नव्हती. मग तिने सुनिताच्या कमरेच्या सुतळीत, घोंगता बांधला होता त्या सुतळीत, सबंध कोपर घातलं. हात दुमडला. आणि स्वतःला बांधावरून बाहेरच्या बाजूला, मागे, लोटून दिलं.

सुतळी ताणली गेली.

सुनिता खाली घसरत होती. आणि ममता म्हणते, नुसत्या सुनिताचं ते वजन नव्हतं. सुनिता काडीएवढी बाई होती.

तेव्हा ममता ओरडली. हेमकांत गेल्यापासून तिच्या तोंडून पहिल्यांदा असा आवाज निघाला. शब्द नव्हते. गाय हंबरते तसं.

शेजारच्या शेतात गिरधर नावाचा सालदार होता. वर्षाच्या बोलीवर शेत राखणारा माणूस. पाऊस म्हणून तो विहिरीच्या मोटारीच्या खोपटात शेकोटीजवळ बसला होता. त्या ओरडण्याने तो धावत आला. त्याने ममताचे पाय धरले, मग सुनिताची गोणी धरली, आणि दोघींना बांधाच्या बाहेरच्या अंगाला ओढून घेतलं.

खोपटात शेकोटीपाशी नेलं. सुनिताचे तळपाय चोळले. ओठ निळे, डोळे उघडे.  मग एकदम म्हणाली, "पोरले दूध पाजाना टाइम व्हयना."

ममताने घंटीचं विचारलं, तर गिरधर म्हणाला, "घंटी कसानी? मी पहाटपासून आठेच शे. मी ते काहीच नही आयकं."

मग त्याने ममताला बाहेर बोलावलं.

"बाई, सायकल कोनी आनी व्हती वर?"

"कोनीच नही," ती म्हणाली. तिची पुलावर होती. सुनिताची उसात रुतलेली.

त्याने बोट दाखवलं.

ओल्या मातीत सुनिताच्या पावलांचे ठसे होते. उसापासून बांधापर्यंत. आणि त्यांच्यापासून हात-दोन हात लांबून, कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात, सायकलच्या चाकाची एक रेघ. ताजी. सायकल ढकलत नेणाऱ्याची पावलं मात्र रेघेच्या लगत नव्हती. कुणी चालवत नेली म्हणावी, तर त्या चिखलात, त्या चढावर, ते शक्यच नव्हतं. रेघ सरळ बांधावर चढली होती आणि प्लास्टिकच्या काठापाशी संपली होती.

प्लास्टिकवर अर्थातच काही उमटत नाही.

गिरधर काठावर जाऊन पाण्यात बघत राहिला. ममता गेली नाही.

त्याआधी, बांधावर, सुतळीत हात अडकलेला असताना तिने खाली पाहिलं होतं का? मी विचारलं. ती म्हणाली, नाही पाहिलं. पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा ती चहा ठेवायला उठली.

सुनिता घरी नाही म्हणून परत फिरलेली जिजी, पुलावरची सायकल बघून, धावत पोहोचेपर्यंत पाऊस वाढला होता. रेघ पुसली गेली. सून जिवंत बघून ती आधी तिला कडकडून भेटली, मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग खाली बसून रडली. ममता तिच्याकडे बघत होती. आपल्यालाही आता रडू येईल, असं तिला वाटलं होतं.

गावात पुष्कळ बोललं गेलं. त्या तळ्यात कुणी बाई बुडाली असेल, कुणाचा जीव अडकला असेल. पण ते तळं नुकतंच खणलेलं होतं. त्यात कुणी मेलेलं नव्हतं. त्या पुलावरही नाही. मी माझ्या आठवणीतलं सगळं चाळून पाहिलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्या वाटेवर सायकलवरची बाई मेल्याचं कुणालाच आठवेना. पुढच्या उन्हाळ्यात मालकाने तळं उपसलं. तळाशी गाळ होता, बाकी काही नाही.

रंजनाबाईने मेसचं काम सोडलं. सायकलला पुन्हा हात लावला नाही. आता ती घरीच असते, सुट्टीत नात आली की तिला सांभाळते. सुनेला मात्र तिने कधी आपल्या मागून चालू दिलं नाही. लग्नकार्यात, बाजारात, कुठेही, "तू पुढे व्हय," म्हणायची.

गिरधर त्याच शेतावर आहे. त्याने तळ्यात स्वतःच्या हाताने दोर आणि ट्यूब बांधून ठेवली. पावसाळी हवा असली की मात्र तो खोपटात बसत नाही. दुसऱ्या टोकाला, झाडाखाली भिजत बसतो.

भाग्येश सुनिताला सुरतेला घेऊन गेला. तिथे ती साड्यांना टिकल्या लावण्याचं काम करते. पोरीच्या पाठीवर मुलगा झाला. ठीक आहे. हसते, बोलते.

चेतना नाशिकला नर्सिंग शिकते.

ममता अजून लोणखेड्याच्याच मेसमध्ये आहे. आता एसटीने जाते. तिच्या उजव्या अंगठ्यात जाणीव परत आली नाही. डॉक्टर म्हणतात शीर दबली असेल. गरम तव्याला लागला तरी तिला कळत नाही. वास आल्यावर कळतं.

सुनिताचा तिला सणासुदीला फोन येतो. पोरांचं, बाजारभावाचं, हवेचं बोलणं होतं. आणि ठेवताना, दर वेळी, सुनिता एकच गोष्ट विचारते. चेष्टा म्हणून नाही. खरंच समजत नाही म्हणून विचारते.

"ताई, तू त्या दिनले खालेच व्हती ना... मंग तू वर कशी उनी?"

मी एकदा ममताला म्हटलं, "सांगून टाक ना तिला, मी खाली नव्हतेच म्हणून."

ममताने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली, "सांगायला जाते... पण दर वेळी वाटतं, आधी मला तरी नक्की माहीत असायला हवं."